घरघर
आमचं डिशवॉशर भांडी धुताना गुणी. पाणी बाहेर टाकायची वेळ आली की मात्र खलबत्त्यात खडे कुटल्यासारखं घरघरायचं. पंप गेला, नवा बसवा, असं घरातल्या सगळ्यांचं मत. काल प्लग काढला, तळाची जाळी उचलली, साचलेलं पाणी स्पंजाने टिपलं. पंपावरचं झाकण काढलं, तर इवल्याशा चक्रीत लिंबाची बी आणि काचेची कपची. बरं झालं, बोटाऐवजी चिमटा घातला! चक्री फिरवली, तर ती अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरली. आत लोहचुंबक असतो, म्हणून; तो बिघाड नव्हे. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन यांनी डिशवॉशरचं पेटंट घेतलं, म्हणे हाताने धुताना बशांचे टवके उडत म्हणून. आमच्याकडे टवका यंत्राच्याच घशात! रात्री पाणी निमूट गेलं, आणि फ्रिजचा आवाज ऐकू आला.