आठ दिवस

सूनबाईच्या डाव्या गालाला खालच्या बाजूनं फुगवटा आला, तेव्हा दाढ सुजली असंल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुखतही नव्हतं. दोन वर्षांत तो सुपारीएवढा झाला, चेहरा एका अंगानं वाकडा दिसायला लागला. तशी गावानं नाव देऊन टाकलं, कॅन्सर. वर कारणही दिलं : मशेरी लावत असंल.

मीही विचारलं, "खरं सांग पोरी, मशेरी लावतीस का?"

ती म्हणाली, "नाही मामा." मला खरं वाटलं नाही.

तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरनं सबंध जबड्याचा एक्स-रे काढून जिल्ह्याला धाडलं. तिथं सीटी स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी फोटो दाखवला. हाडाच्या आत गाठ होती, पण तिची कड स्वच्छ होती, बांध घातलेल्या वावरासारखी. कॅन्सर सहसा असा बांध पाळत नाही, शेजारच्या रानात घुसतो. मी म्हणालो, "म्हणजे साधी गाठ?"

बाई म्हणाल्या, "नुसत्या फोटोवर मी सांगणार नाही. तुकडा तपासू. आठ दिवस लागतील."

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते आज लिहितो. खोंडाची किंमत मनात धरली. नातवाला कोण सांभाळील ते ठरवलं. आणि एका सांजेला, पोराचं दुसरं लग्न करावं लागंल, हाही विचार मनाला शिवून गेला. त्या वेळी ती चुलीपुढं माझ्यासाठीच भाकरी थापत होती.

रिपोर्ट आला : ऑसिफायिंग फायब्रोमा. हाडात वाढणारी, क्वचित होणारी साधी गाठ. मशेरीचा काही संबंध नाही. पण साधी म्हणून ठेवून चालत नाही; ती वाढत राहते, जबडा पोखरते. तोंडाच्या आतूनच ऑपरेशन करून ती सगळी काढली. महिनाभर पेज आणि खिमट. पुन्हा उगवू शकते, म्हणून दर साली एक्स-रे.

सून निर्दोष निघाली, असं मी चारचौघांत सांगत सुटलो. मग एक दिवस वाटलं, निर्दोष म्हणजे काय? कॅन्सर निघाला असता, ती मशेरीही लावत असती, तर तिला आमची माया कमी लागली असती का? उलट जास्तच लागली असती. डॉक्टर आजार शोधत होते, आम्ही गुन्हा शोधत होतो. गुन्हा सापडला की आपल्या अंगावरचं ओझं उतरतं ना!

एवढी शिकलेली बाई फोटो बघूनही आठ दिवस थांबली. मी दहावी शिकलेला, नुसता गाल बघून निकाल दिला.

सूनबाईची माफी मी अजून मागितलेली नाही. दर साली एक्स-रेला मात्र तिच्यासंगं मीच जातो.