दोष रस्त्याचा की गाडीचा?

एखादी वस्तू उत्तम आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते उत्तमपण असते कुठे? त्या वस्तूत, की ती वस्तू आणि तिच्या पायाखालची जमीन यांच्यामध्ये? वैशेषिकांनी गुणांचा विचार करताना रंग आणि संयोग हे दोन्ही गुणच मानले. रंग एका द्रव्यात राहतो. संयोगाला मात्र दोन द्रव्ये लागतात. गाडीतल्या सुखाला यातल्या कोणत्या रांगेत बसवायचे, हा प्रश्न १९३० च्या सुमारास रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांपुढे उभा राहिला. त्यांनी तो तत्त्वज्ञानाच्या भाषेत विचारला नाही, पण प्रश्न तोच होता.

त्याआधीची पंचवीस वर्षे अभिमानाची होती. १९०६ साली आलेल्या या कंपनीच्या ४०/५० अश्वशक्तीच्या गाडीने, म्हणजे 'सिल्व्हर घोस्ट'ने, परक्या मुलखांत नाव काढले. १९०८ साली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या अशाच एका गाडीने मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाटरस्त्यांसह सुमारे ६२० मैल पार केले आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. पहिल्या महायुद्धात टी. ई. लॉरेन्सने याच जातीच्या गाड्या अरबस्तानच्या वाळवंटात वापरल्या. सप्टेंबर १९१८ मध्ये रेल्वेचा पूल उडवून परतताना त्याच्या गाडीच्या मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, आधार तुटला. नऊ गाड्यांच्या त्या ताफ्यात दीड वर्षात मोडतोडीचा असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. चालकाने पायफळीची लाकडे काढली. करवत नव्हती, म्हणून मशिनगनच्या गोळ्यांनी ती तोडली आणि तारेने आवळून पाट्याखाली बसवली. त्या जुगाडावर गाडी पुढे दमास्कसपर्यंत गेली.

अशा अनुभवांतून एक समज पक्का झाला: परदेशी रस्ते वाईट, म्हणून गाडी आणखी दणकट करा. पाटे मजबूत करा, जमिनीपासूनची उंची वाढवा. टिकण्यापुरते हे उत्तर बरोबर होते.

पण १९३० च्या आसपासच्या तक्रारी मोडतोडीच्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये ज्या गाडीचे मालक समाधानी होते, तीच गाडी परदेशात, अगदी अमेरिकेच्या सुधारलेल्या रस्त्यांवरही, मागच्या सीटवर बसणाऱ्याला नकोशी होई. मॉरिस ऑली हे रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात काम केलेले अभियंते. त्या काळाविषयी त्यांनी नोंदवलेले निरीक्षण मला या साऱ्या कथेचे मर्म वाटते: अमेरिकेचे रस्ते अधिक वाईट नव्हते, त्यांच्या पृष्ठभागावरच्या लाटांचा आकार वेगळा होता.

मग रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी गाडीकडेच नव्याने पाहिले. गाड्या वरून टांगून झुलवल्या, त्यांचे वजन पुढेमागे कसे पसरले आहे ते मोजले. पुढचे चाक उंचवट्यावर आधी चढते, मागचे क्षणभराने. दोन्हीकडचे पाटे आपापल्या तालात हलतात आणि ताल विसंगत असला की गाडी पुढेमागे डुलते. १९३० मध्ये ऑली कॅडिलॅक या अमेरिकी मोटार कंपनीकडे गेले. तिथे त्यांनी एका मोठ्या लिमोझिनवर पुढेमागे सरकवता येणारी वजने बसवली आणि त्यात बसून, प्रवास करून अनुभव घेतला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या, तर उशिरा सुरू झालेले मागचे हेलकावे पुढच्यांना गाठतात आणि गाडी समतोल चालते. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या अखंड अॅक्सलवर मात्र इतक्या मऊ स्प्रिंगा धोक्याच्या, कारण चाके थरथरू लागतात. म्हणून पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र करावी लागली. १९३४ च्या कॅडिलॅकवर हे सस्पेन्शन आले.

परक्या रस्त्याने गाडीत नवा दोष घातला नव्हता. तिच्या बांधणीत पहिल्यापासून असलेले, पण घरच्या रस्त्यावर कधी न जाणवलेले काही त्याने उघड केले. माणसाच्या बाबतीत आपण हे मान्य करायला तयार नसतो. गावात शांत, समजूतदार म्हणून नावाजलेला माणूस परमुलखात चिडचिडा झाला, तर आपण दोनच निकाल देतो: तो मुलूख वाईट, नाहीतर त्याचा समजूतदारपणा खोटा. कांटच्या १७८५ च्या नीतिग्रंथात सदिच्छा परिस्थितीवर अवलंबून नसते, ती स्वयंप्रकाशी असते. हेतूपुरते ते खरे असेलही. पण स्वभाव हेतूपेक्षा मोठा असतो. त्यात सवयी, ताल, वजनाची विभागणी येते आणि ती नव्या जमिनीवर गेल्यावाचून स्वतःलाही कळत नाही.

याचा अर्थ प्रत्येक जमिनीशी जुळवून घ्यावे असा नाही. लाट वेगळी आणि खड्डा वेगळा. जिथे अन्याय होतो, तिथे सोसणाऱ्याला मऊ व्हायला सांगणे ही क्रूरता आहे. तिथे रस्ताच दुरुस्त केला पाहिजे. अवघड आहे ते समोर खड्डा आहे की निराळ्या आकाराची लाट, हे ओळखणे. त्यासाठी आधी आपली गाडी टांगून मोजायची तयारी लागते.

रोल्स-रॉइसने ती तयारी दाखवली. तिच्या १९३६ च्या 'फँटम थ्री'चे पुढचे स्वतंत्र सस्पेन्शन कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या रचनेवर बेतलेले होते.