नऊने भाग जातो

संशोधन हा शब्द आमच्या घराण्यात फक्त हरवलेल्या किल्ल्यांच्या संदर्भात वापरला जातो. त्यामुळे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीनं, "मला गणितात संशोधन करायचंय," असं जाहीर केलं तेव्हा घरात काय झालं असेल याची कल्पना करा. मेहुण्यांनी भाची आणि बँकेच्या परीक्षेचं जाडजूड गाईड, दोन्ही माझ्याकडे पाठवून दिली. मी पडलो बी.कॉम., त्यातून बँकेत कारकून. म्हणजे मेहुण्यांच्या मते यशस्वी जीवनाचा चालताबोलता नमुना. (आमच्या हिचं मत वेगळं आहे.)

"मामा, अडचण बाबांची नाही," भाची म्हणाली. "अडचण प्रश्नाची आहे. संशोधन करायला प्रश्न तर हवा! मला समजेल असा एक सापडलाय, पण तो कुणालाच सुटलेला नाही."

तिनं तो गाईडच्या कोऱ्या पानावर लिहिला. कुठलीही संख्या घ्या. सम असली तर निम्मी करा. विषम असली तर तिप्पट करून एक मिळवा. असंच करत राहा. शेवटी १ येतो. पण नेहमीच येतो का?

"हे तर मलासुद्धा समजलं!" असं म्हणून मी मोठ्या उत्साहानं २७ घेतले. चहा आला, गार झाला, संख्या हजारांत गेली. शेवटी भाचीला दया आली. म्हणाली, २७ ला १ वर यायला १११ पायऱ्या लागतात आणि वाटेत ते ९२३२ पर्यंत चढतात. कोलात्झ नावाच्या जर्मन गणितज्ञाचा हा १९३७ सालचा प्रश्न. तपासलेली प्रत्येक संख्या आजवर १ वर उतरली आहे. पण 'आजवर' ही गणितात सिद्धता होत नाही.

आमच्याकडे न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. फरक इतकाच, की आमच्या सस्पेन्सबद्दल ऑडिटर झापतो आणि गणितातल्या सस्पेन्सला प्रोफेसरचं नाव देतात.

थोडक्यात, समजायला सोपा तो सोडवायलाही सोपा, असं नसतं. मग समजेलही आणि थोडासा हलेलही, असा प्रश्न आणायचा कुठून?

मला देवळालीच्या शाळेतले द. रा. कापरेकर मास्तर आठवले. चार अंकी संख्या घ्यायची, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून तेच चढत्या क्रमानं मांडून वजा करायचे. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. मास्तरांना हे १९४९ साली सापडलं. बड्या गणितज्ञांनी बरीच वर्षं ते फारसं मनावर घेतलं नाही; १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली. भांडवल काय? पाटी, पेन्सिल आणि "पुढं काय होतं बघू" ही खोड.

भाची लगेच कामाला लागली. तीन अंकी घेतल्या, तर ४९५ वर मुक्काम. दोन अंकी घेतल्या, तर ८१, ६३, २७, ४५, ९ आणि पुन्हा ८१, अशी रहाटगाडग्यासारखी प्रदक्षिणा. "आणि मामा, दहाऐवजी आठ हा पाया धरून मोजलं तर?" तिचे डोळे चमकले आणि लगेच विझलेही. "पण हे कुणीतरी आधीच केलेलं असणार."

आता हा प्रश्न गणिताचा राहिला नाही. दुसऱ्याला आधीच सापडलेलं आपल्याला आपल्या कष्टानं सापडलं, तर ते आपलं की नाही? मी म्हटलं, "कॅशियरनं मोजलेल्या नोटा तू पुन्हा मोजतेसच ना? मोजल्यावर खात्री तुझी. फक्त छापून आणण्याआधी दुसऱ्या कुणाची सही तिथं नाही ना, एवढं बघायचं."

ती पुन्हा वजाबाक्यांत शिरली. म्हणाली, "गंमत बघा, प्रत्येक उत्तराला नऊनं भाग जातो."

"जाणारच!" इथं मी तज्ज्ञ होतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत खतावण्या हातानं लिहायच्या. संध्याकाळी टॅली लागली नाही आणि फरकाला नऊनं भाग गेला, की समजायचं, कुणीतरी ५४ चे ४५ केलेत.

"का?" भाचीनं विचारलं.

"का म्हणजे? अकाउंटंटसाहेबांनी सांगितलं होतं."

ती काही बोलली नाही. तिनं शांतपणे लिहिलं : ८२ म्हणजे आठ दहा आणि दोन, २८ म्हणजे दोन दहा आणि आठ. अंकांची जागा बदलली, की दहाचा एक होतो आणि एकाचा दहा, म्हणून फरक नेहमी नऊच्या पटीत. इथं सहाचा फरक, म्हणून नऊ सक चोपन्न.

वीसएक वर्षं हा प्रश्न रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर येऊन बसत होता. समजेल असा, सुटेल असा. आणि मला सहा दहाची गाडी गाठायची होती. गाड्या सगळ्या मिळाल्या.

गाईड मी मेहुण्यांना परत पाठवलं. त्याचे सगळे समास वजाबाक्यांनी भरले होते. रात्री त्यांचा फोन आला, "यातून काय मिळणार?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मिळालं की कळवते म्हणाली. जरा थांबा भावोजी, माझी एक वजाबाकी अर्धी राहिलीय."