पाहण्याचे सुख आणि ‘माझे’पण

पौष-माघात मालवण तालुक्यातील धामापूर तळ्याच्या काठाने सकाळच्या पहारी पायी चालावे. पांगारा आणि काटेसावर पाने टाकून लाल फुलांनी भरू लागलेली असतात. त्यांवर भोरड्यांचे थवे उतरतात. हे पाखरू मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरते आपल्याकडे येते. पाण्यालगत धोबी पक्षी शेपूट हलवीत फिरतो, तोही उत्तरेकडचा पाहुणा. आणि आजूबाजूला आंब्याच्या कलमांना मोहोर फुटत असतो.

आता प्रश्न असा की, साधकाने या शोभेत रमावे काय? कोणी म्हणतात, डोळ्यांचे सुख हाही विषयच. मन तेथे गुंतले की नामात खंड पडला. ही शंका खोटी नाही. पण मन गुंतते ते कशाने, हे आधी पाहू या.

या दिवसांत गावात पहिला प्रश्न एकच, “मोहर इलो काय?” आभाळ आले की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, तुडतुडा पडेल, मोहोर करपेल, पेट्या किती निघतील, दर काय लागेल! यात त्याचा दोष नाही. वर्षाचे पोट त्यावर आहे. पण मोहोरासमोर उभा असूनही त्याला मोहोर दिसत नाही, हिशोब दिसतो. तोच माणूस चार पावलांवरच्या काटेसावरीखाली थांबला, की घटकाभर हलका होतो. ती त्याची नाही, तिचे त्याला काही विकायचे नाही. डोळे तेच, मधले ‘माझे’ तेवढे गेले. तेव्हा बंधन पाहण्यात नाही, ‘माझे’ म्हणण्यात आहे.

“मग कलमे टाकून द्यावी की काय?” असे कोणी विचारील. मुळीच नाही. राखण करावी, फवारणी करावी, प्रपंच नेटका करावा. पण घ्यावे कसे, ते त्या पाखरापासून शिकावे. भोरडी फुलातला मध घेते, आणि घेता घेता पराग दुसऱ्या फुलाला पोचवते. झाडाचे काही बुडत नाही. उलट त्याला फळ धरते. चैत्र येण्याच्या सुमारास ती निघून जाते, फांदीवर हक्क सांगत नाही.

हे तळे १५३० साली बांधलेले. बांधणाऱ्यांची सत्ता कधीच संपली. पाणी मात्र अजून शेतांना मिळते आहे. आपल्या हातून झालेलेही असेच मागे राहावे, ‘माझे’ न म्हणता. एवढे साधले तर फूल पाहणे हेही भजनाच्या आड येणार नाही.