हक्कदाराचे बोलणे

सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक मनुष्य आपले येणे मागण्यास आला. त्याचा एक उंट परत देणे होते. मागताना त्याची भाषा कठोर झाली. सहाबांना (रजि.) ते सहन झाले नाही, ते त्याच्यावर धावून जाण्याच्या बेतात होते. प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले आणि समजाविले की, ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचाही अधिकार असतो. मग त्याच वयाचा उंट शोधण्यास सांगितले. तसा मिळाला नाही, त्याहून चांगला मिळाला. तेव्हा तोच त्याला देवविला.

एका बाजूस मदीनेची सत्ता आणि प्राण ओवाळून टाकणारे अनुयायी होते, दुसऱ्या बाजूस कडवट बोलणारा एकटा माणूस. प्रेषितांनी (स.) त्याच्या सुरापेक्षा त्याच्या मागणीकडे लक्ष दिले. मागणाऱ्याचा सूर चढला म्हणून त्याचे येणे बुडत नाही, हा धडा राज्यकर्त्यांसाठी जितका आहे तितकाच आपल्यासाठीही आहे.

आज आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते. तरुण मुलगा एखाद्या निवेदनावर सही करू पाहतो, धरण्याला जाऊ इच्छितो, तेव्हा वडील म्हणतात, ‘बेटा, सब्र कर.’ या वाक्यामागची काळजी खोटी नाही. गुन्हा नोंदविला जाईल, नोकरी जाईल, पासपोर्ट अडेल, वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, ही भीती अनुभवातून आलेली आहे. प्रश्न एवढाच की, या भीतीला ‘सब्र’ हे नाव देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

आपण नमाजमध्ये वारंवार पठण करतो त्या सूरह अल-अस्रकडे पाहू. तोट्यातून वाचलेल्या लोकांची लक्षणे सांगताना अल्लाहने ईमान आणि सत्कृत्यांनंतर दोन गोष्टी जोडीने ठेवल्या आहेत: परस्परांना सत्याची ताकीद देणे आणि परस्परांना सब्रची ताकीद देणे. सत्य आधी आले आहे, सब्र नंतर. याचा अर्थ सरळ आहे. सत्य बोलल्यावर जे सोसावे लागते ते सोसण्याची शक्ती म्हणजे सब्र. बोलायचेच टाळले, तर तेथे सब्रची परीक्षा सुरूच झालेली नसते.

सूरह अन-निसाच्या १४८ व्या आयतीत अल्लाहला वाईट गोष्ट उघडपणे बोललेली आवडत नाही असे सांगितले आहे, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याचा अपवाद तेथेच केला आहे. हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) यांना पतीने अज्ञानकाळातील रूढीप्रमाणे ‘जिहार’ करून अधांतरी सोडले, तेव्हा त्या गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी प्रेषितांपुढे (स.) आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडली. अल्लाहने त्यांचे म्हणणे ऐकल्याची साक्ष सूरह अल-मुजादलाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि त्या सूरहला नावही त्यांच्या वाद घालण्यावरूनच मिळाले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना भाषणाचे आणि शस्त्राविना शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच अनुच्छेदात आहे. स्वातंत्र्य झिजते ते या निर्बंधांच्या वाटेने. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश काढता येतात. हे आदेश प्रसंगापुरते असावेत अशी अपेक्षा असते. पण ते लागोपाठ निघू लागले की अपवाद नियम होतो आणि नागरिकाचा हक्क अधिकाऱ्याची परवानगी बनतो. अनुच्छेदातील एकही अक्षर बदलत नाही, तरी माणूस मैदानात बसू शकत नाही.

बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे हेच घडले. २०२० च्या जानेवारीत तेथील काही नागरिकांना नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात जुन्या ईदगाह मैदानावर शांततेने बसायचे होते. जमावबंदीच्या आदेशाचा आधार घेऊन त्यांना परवानगी नाकारली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले. फेब्रुवारीत खंडपीठाने ते आदेश रद्द केले. आदेश दिसायला सर्वांसाठी असला तरी प्रत्यक्षात या कायद्याच्या विरोधकांसाठीच आहे, हे न्यायालयाने ओळखले. एखाद्या कायद्याला विरोध केल्याने कोणी देशद्रोही ठरत नाही, आणि या देशाला स्वातंत्र्यच अहिंसक आंदोलनांतून मिळाले, याची आठवणही दिली. माजलगावच्या त्या लोकांनी दगड उचलला नाही आणि घरातही बसले नाहीत. त्यांनी अर्ज केला, नकार सोसला, न्यायालयाचे दार ठोठावले. सत्य आणि सब्र यांची जोडी ती हीच.

विरोधाला मर्यादा नाहीत काय? अवश्य आहेत. एका माणसाने शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला आपले सामान रस्त्यावर काढून ठेवण्यास सांगितले, असे अबू दाऊदमध्ये आहे. येणारे-जाणारे कारण विचारू लागले, शेजाऱ्याला दूषणे देऊ लागले. अखेर शेजारीच विनवणी करीत आला की, सामान आत घे, यापुढे त्रास देणार नाही. हात न उगारता, शिवी न देता अन्याय चारचौघांत आणला गेला. परंतु रस्त्यावर बसणे टाळा, बसावेच लागले तर रस्त्याचा हक्क द्या, कोणाला उपद्रव देऊ नका, हीही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. शाहीन बागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल देताना विरोधाचा हक्क मान्य केला, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडविता येणार नाही असे म्हटले. रुग्णवाहिकेची वाट अडविणारा किंवा एसटीची काच फोडणारा आंदोलक दुसऱ्याचा हक्क मारतो. मात्र रस्त्याच्या हक्काचे कारण सांगून मैदानही नाकारले जाऊ लागले, तर ती मर्यादा राहत नाही, तो बहाणा होतो.

याहून अवघड कसोटी पुढे आहे. बोलण्याचा हा हक्क आपण केवळ आपल्यासाठी मागतो काय? नबुवतीपूर्वी मक्केत जुबैदच्या एका परक्या व्यापाऱ्याचे पैसे एका सरदाराने बुडविले. व्यापाऱ्याने अबू कुबैस टेकडीवर चढून हाक दिली. त्या हाकेतून ‘हिल्फुल फुजूल’ हा करार झाला: पीडित कोणीही असो, त्याच्या बाजूने उभे राहायचे. तरुणपणी प्रेषित (स.) त्यात सहभागी होते आणि इस्लामनंतरही तशी हाक आली तर आपण प्रतिसाद देऊ, असे त्यांनी सांगितले. आपल्या मातीतही याचे उदाहरण आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेला जागा मिळू दिली जात नव्हती, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालणे हा त्याचा हेतू सांगण्यात आला. व्याख्या सैल असल्याने शांततेने विरोध करणारेही तिच्यात सापडतील, असा आक्षेप अनेक संघटनांनी व विरोधी पक्षांनी घेतला. त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांनी ‘हा आपला विषय नाही’ असे म्हटले? आदिवासी, कामगार, शेतकरी यांची हाक ऐकताना आपण फत्तेखानांचे वारस असतो की नसतो?

आणि घरातले काय? जुमाच्या नमाजनंतर कोणी मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब विचारला तर त्याला ‘फितना’ म्हणून बसविले जाते. मुलगी निकाहाला नकार देते तेव्हा तिचे शब्द उद्धटपणात मोजले जातात. हजरत खनसा बिन्ते खिजाम (रजि.) यांनी मर्जीविरुद्ध लावलेल्या निकाहाची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो निकाह रद्द ठरविला होता. शासनाने आपले ऐकावे असे म्हणणाऱ्याने आपल्या हाताखालच्यांचे ऐकले पाहिजे.

वाईट दिसले तर हाताने, ते शक्य नसेल तर जिभेने, तेही शक्य नसेल तर मनाने विरोध करावा, आणि शेवटची पायरी ईमानची सर्वांत दुर्बल अवस्था आहे, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. प्रत्येकाची शक्ती सारखी नसते. ज्याला घरच्या जबाबदारीमुळे बोलता येत नाही, त्याच्यासाठी ही शेवटची पायरी खुली आहे. त्याने तेथे उभे राहावे, पण त्या दुर्बलतेला सब्र म्हणून मुलांना शिकवू नये. मुलाला एवढे सांगावे: परवानगी माग, कायदा जाणून घे, जीभ आणि हात आवर, खोटी बातमी पुढे पाठवू नकोस, आणि सत्य असेल तेच बोल. अल्लाह आपल्याला सत्य बोलण्याचे आणि ते ऐकून घेण्याचे, दोन्हींचे बळ देवो. आमीन.