खरेपणाची वजावट

वापरलेल्या वाहनाची खरेदी हा नीतिविचाराचा विषय होऊ शकेल, असे गेल्या वर्षापर्यंत आम्हांस वाटत नव्हते. तो प्रांत दलालांचा, मिस्त्रींचा आणि हौशी तरुणांचा, अशीच आमची समजूत होती. परंतु श्रावण संपता संपता बेळगावातील एका फाउंड्रीत अभियंता असलेल्या आमच्या भाच्याने एक जुनी मोटारसायकल घेण्याचे मनावर घेतले, आणि वडीलधारे माणूस बरोबर असावे म्हणून आम्हांस सोबत नेले. "मामा, तुम्ही बोलायला असलात म्हणजे भाव उतरेल," असे तो म्हणाला. भाव उतरला. त्या उतरण्याविषयीच हे चार शब्द लिहावयाचे आहेत.

त्यास हवी असलेली गाडी नित्याच्या प्रकारातली नव्हती. उंच बैठक, मोठे पुढचे चाक, खडकाळ वाट सोसणारे लांब शॉकअप, मागे सामानाच्या पेट्या अडकविण्याची चौकट आणि दगडधोंड्यांपासून इंजिनाचे रक्षण करणारा पोटाखालचा पत्रा, अशा गाडीस हल्ली 'अ‍ॅडव्हेंचर' मोटारसायकल म्हणतात. युरोपात बीएमडब्ल्यूने १९८० साली ह्या धर्तीची गाडी काढली. आपल्याकडे मध्यमवर्गीयांच्या आटोक्यात हा प्रकार आला तो मुख्यतः २०१६ नंतर, रॉयल एन्फील्डच्या ४११ सीसीच्या 'हिमालयन'पासून. तेव्हापासून लडाखास जाऊन येणे हा तरुणांचा एक संस्कारच होऊन बसला आहे म्हणाना! खारदुंग ला ह्या खिंडीतील फलकावर कित्येक वर्षे १८,३८० फूट अशी उंची रंगविलेली होती. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे १७,५८२ फूट भरते. तरी त्या खोट्या आकड्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेणारांची रांग कधी ओसरली नाही. आकडा मनाजोगा असला म्हणजे तो खरा आहे की नाही हे पाहण्याची उत्कंठा माणसास उरत नाही. ही गोष्ट पुढे आमच्याच कामी येणार होती.

भाच्याने कोणत्या कारखान्याची गाडी घेतली हे सांगण्याचे प्रयोजन नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्या आमच्यापुढे आल्या, एवढे पुरे. पहिली शहरातील एका दलालाकडे होती. मीटरवर १८,४०० किलोमीटर. अंगावर नवा रंग, पुसून लखलखीत केलेली. किंमत सव्वा लाख. भाच्याचे डोळे तिच्यावर खिळले. पण तो यंत्राचा माणूस असल्यामुळे हातही स्वस्थ बसेनात. फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झालेले होते, ब्रेकच्या पायटीवरील रेघा झिजून पितळी भांड्याच्या बुडासारख्या चकाकत होत्या, आणि पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरविले तेव्हा ते बरोबर मध्यावर अडखळले. कोनसेटच्या गोळ्यांनी आपल्या बैठकीत खड्डे पाडल्याचे ते लक्षण असते. अठरा हजार किलोमीटरांत एवढी झीज होत नाही. मीटर मागे फिरविलेले असावे, ह्याविषयी आमच्या दोघांच्या मनात फारसा संशय राहिला नाही. आम्ही दलालास विचारले. तो शांतपणे म्हणाला, "मीटर काय दाखवतंय ते तुमच्यासमोरच आहे की." ह्या वाक्यात एकही असत्य शब्द नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

दुसरी गाडी फोंड्याजवळ एका शिक्षकांची होती. जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याचा घाट उतरून आम्ही साखळीमार्गे तेथे पोहोचलो, तेव्हा गाडी अंगणात थंड उभी होती. गरम इंजिन सुरू होण्याची खोड लपविते. म्हणून आम्ही येण्यापूर्वी त्यांनी ते मुद्दाम सुरू केले नव्हते. मीटरवर ८६,००० किलोमीटर होते. किंमत त्यांनी ९५,००० सांगितली आणि घरातून एक दोनशेपानी वही आणून भाच्याच्या हाती ठेवली. गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक वेळी बदललेले ऑईल, टॅपेटची जुळणी, ६०,००० वर घातलेल्या क्लचप्लेट्स, दोनदा बदललेला चेनसेट, स्पितीच्या वाटेवर वाकलेली रिम, सामानाच्या भाराने मागच्या चौकटीस गेलेला तडा व त्यावर मारलेले वेल्डिंग, सारे तारीखवार लिहिलेले. पुढच्या एका शॉकअपच्या सीलमधून तेल झिरपू लागले आहे, हे आमच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच त्यांनी बोट ठेवून दाखविले. "तुमी पळयात, हांव कांयच लिपयना," असे म्हणून ते हसले. ह्या सर्व दोषांचा हिशेब करूनच आपण किंमत सांगितली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. आणि बोलण्याच्या ओघात, मुलीची महाविद्यालयाची फी त्याच आठवड्यात भरावयाची असल्याचेही सांगून गेले.

मग आम्ही बोलू लागलो. वहीतील एकेक नोंद उचलून आम्ही ती त्यांच्यापुढे ठेवीत गेलो. चौकटीस वेल्डिंग आहे, म्हणजे पुढेमागे ती तुटणारच. सील बदलावयाचे, म्हणजे दोन्ही बाजूंचे आले. ८६,००० म्हणजे इंजिनाचे आयुष्य सरत आले. प्रत्येक वाक्यास ते मान हलवीत, कारण प्रत्येक वाक्याचा आधार त्यांच्याच अक्षरात होता. शेवटी सौदा ८३,००० वर तुटला. भाचा खूष झाला. परतताना घाटात धुके होते, आणि का कोण जाणे, आम्हांस बोलावेसे वाटेना.

आम्ही केले ते काय केले, हे कळावयास काही दिवस गेले. त्यांनी दोष वजा करून किंमत सांगितली होती. आम्ही तेच दोष पुन्हा एकदा वजा केले. एकाच फुटलेल्या सीलची किंमत दोनदा वसूल केली. ज्या दलालाने काहीच सांगितले नाही, त्याच्याकडे वजा करावयास आमच्याजवळ केवळ तर्क होता, आणि तो तर्क तो सहज झटकून टाकू शकत होता. शिक्षकांनी मात्र प्रत्येक वजावटीचे साधन आपल्या हातांनी आमच्या हाती दिले. म्हणजे खरेपणावर आम्ही कर बसविला, आणि तो खरे बोलणाऱ्याकडूनच वसूल केला.

विकणाऱ्याने किती सांगावे हा प्रश्न फार जुना आहे. सिसरोने इ. स. पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून दुष्काळग्रस्त ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्यास ठाऊक आहे, बेटावरील लोकांस नाही. त्याने ते सांगावे काय? बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष उघड करावेत, खोटे बोलू नये. त्यापलीकडे न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्यास ठाऊक असलेले काहीही घेणाऱ्यापासून राहू नये. आमचा दलाल डायोजेनिसच्याही कसोटीस उतरला नसता, कारण मीटर फिरविणे हे मौन नव्हे, आकड्यांत बोललेले असत्य आहे. फोंड्याचे शिक्षक मात्र अँटिपेटरचे न वाचलेले शिष्य होते.

आपल्या धर्मशास्त्रानेही ह्या व्यवहाराची दखल घेतली आहे. खरेदीविक्रीनंतरचा पश्चात्ताप हे व्यवहाराचे एक स्वतंत्र पदच स्मृतिकारांनी मानले, आणि वस्तू पारखण्यास मुदती घालून दिल्या. नारदस्मृतीत दुभत्या जनावरास तीन दिवस, वाहणाऱ्या जनावरास पाच, हिरेमोत्यांस सात दिवस आहेत. मोटारसायकल ही वाहणारी म्हटली तर तिला पाच दिवस मिळावेत! आज कोणता दलाल पाच तासही देतो? असो.

परंतु ह्या साऱ्या विचारांत तोंड विकणाऱ्याकडे आहे. ज्ञान त्याच्याजवळ, म्हणून कर्तव्यही त्याचे. घेणाऱ्याने काय करावे, विशेषतः समोरच्याने सारे सांगून टाकल्यावर त्याने काय करावे, ह्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. २००१ साली त्यांस मिळालेल्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा मोठा होता. घेणाऱ्यास चांगली व वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी किंमत देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकास परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो आणि मागे वाईट गाड्या उरतात, असा त्याचा सारांश आहे. तेथे दोष अज्ञानाचा आहे. आमच्या बाबतीत ती पळवाटही उरत नाही, कारण आम्ही अज्ञ नव्हतो. चांगली गाडी कोणती हे आम्हांस वही वाचून पुरते कळले होते, आणि कळल्यावरही आम्ही तिच्या मालकास उठून जाण्याचीच किंमत देऊ केली.

शिवाय त्या ८६,००० ची भीती तरी कितपत खरी होती? इंजिनाची पुष्कळशी झीज ते थंड असताना सुरू करण्यात होते. रोज चार किलोमीटर बाजारात नेलेली गाडी वीस हजारांतच दमू शकते. लांब पल्ल्यावर एका लयीत चाललेली, वेळेवर तेल मिळालेली गाडी त्याच्या कितीतरी पट धावूनही ताजी राहू शकते. भाच्यास हे ठाऊक होते, त्याने आम्हांस ते जातानाच सांगितले होते. तरीही 'इंजिनाचे आयुष्य सरत आले' हे वाक्य आम्ही उच्चारले. ज्याचा आम्ही दलालावर आरोप केला तेच, आम्हांस खरे न वाटणारे विधान आकड्याच्या आड राहून करणे, आम्ही त्या अंगणात केले. मीटर कोणी मागे फिरवतो तो मुळात घेणाऱ्यांच्या ह्या भीतीवर जगतो. मोठ्या आकड्यास आम्ही शिक्षा करतो म्हणून लहान आकडा तयार करणाऱ्यास बरकत येते.

ह्यावर व्यवहारी वाचक म्हणतील, घासाघीस हा दोन्ही पक्षांस ठाऊक असलेला खेळ आहे. शिक्षकांस पटले नसते तर त्यांनी नाही म्हणावयाचे होते. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याचे दात मोजणारा आणि त्याचे वय दडविणारा हे दोघेही एकमेकांस ओळखून असतात, आणि तेथे कोणी दुखावला जात नाही. पण तो खेळ दोघेही पत्ते मुठीत धरतात म्हणून खेळ असतो. एकाने पत्ते उघडे टाकले असता दुसऱ्याने आपले झाकून डाव पुढे चालविला, तर त्यास खेळ म्हणता येईल काय? आणि नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य! फीच्या मुदतीने ते किती उरले होते, हेही त्यांनीच आम्हांस सांगितले होते.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली घोड्याचीच उदाहरणे दिली आहेत. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून एकाने तो लिलावात दुसऱ्यास विकला आणि तोंड मिटून राहिला, तर ती फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. म्हणजे मौन दोषास्पद आहे की नाही हे दोन माणसांमधील नात्यावरून ठरते, एवढे कायद्यासही मान्य आहे. आमचे म्हणणे असे की असे नाते रक्तानेच जुळते असे नाही. ज्या क्षणी त्या गृहस्थांनी वही भाच्याच्या हाती ठेवली, त्या क्षणी आम्ही लिलावातील अनोळखी राहिलो नव्हतो. त्यांनी विश्वास टाकला आणि आम्ही तो घेतला. तो घेऊन मग अनोळख्याच्या हक्काने बोलण्यास आम्ही मोकळे नव्हतो. त्यांची किंमत जड वाटत असती तर न घेता परतावे, आमची ऐपत नाही असे सांगावे, हे सर्व उचित होते. त्यांच्याच अक्षरांनी त्यांस पाडणे उचित नव्हते.

सिसरोच्या त्याच भागात क्विंटस स्कीव्होलाची एक लहानशी हकीकत आहे. एक शेत विकत घेताना त्याने मालकास एकच किंमत सांगावयास लावली, आणि ती ऐकून म्हणाला, माझ्या मते शेताची किंमत ह्याहून अधिक आहे. मग एक लक्ष सेस्टर्स वर घालून दिले. सिसरो लिहितो की हे सज्जनाचे कृत्य होते हे सर्वांस मान्य आहे. शहाण्याचे होते हे लोकांस मान्य नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी लोकांचे हे मत बदललेले आमच्या पाहण्यात नाही. घरी परतल्यावर ज्यांस ज्यांस आम्ही सौद्याची कथा सांगितली, त्या प्रत्येकाने भाच्याची पाठ थोपटली, आणि एकाने तर आणखी पाच हजार सुटले असते म्हणून हळहळ व्यक्त केली.

गाडी उत्तम चालते. सील बदलले, चौकटीचे वेल्डिंग मिस्त्रीने पाहून बरे आहे असे सांगितले, मीटर ९१,००० च्या पुढे गेला आहे. भाचा वहीत नोंदी लिहितो, हे आम्हांस आवडते. त्याच्या पहिल्या नोंदीच्या वर शिक्षकांची अखेरची नोंद आहे: तारीख, ८६,०१२ किलोमीटर, आणि पुढे 'विकली, रु. ८३,०००.' तेथेही त्यांनी काही लपविलेले नाही. राहिलेले बारा हजार पाठवावेत असे आम्ही भाच्याजवळ दोनदा काढले. तो म्हणतो, "मामा, आता ते घेतील का?" ते घेतील की नाही हे आम्ही त्यांस अजून विचारलेले नाही.