परतणाऱ्याविषयी, राहिलेल्यांशी

1961 साली गोव्यातली पोर्तुगीज राजवट संपली आणि तिथल्या मये गावच्या जमिनीचा मालक पोर्तुगालला गेला. जमीन ‘स्थलांतरित मालमत्ता’ ठरून सरकारच्या ताब्यात आली. ती कसणाऱ्या, तिच्यावर घरे बांधून राहिलेल्या मयेकारांसाठी कायदा झाला तो थेट 2014 साली. गेलेल्याविषयी सरकार स्पष्ट बोलले नाही की त्याची झळ मागे राहिलेल्यांना लागते. परतणाऱ्याचेही तसेच.

परक्या रणभूमीवर लढून आलेला माणूस म्हटला की आज इसिस आठवते. मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले. नोव्हेंबरात त्यांतला एकटाच परतला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. पुढे त्याला मिळालेला जामीन उच्च न्यायालयाने खटला रेंगाळला म्हणून फेब्रुवारी 2021 मध्ये कायम ठेवला. तो घरी आला खरा. पण जामीन म्हणजे काय, अटी कोणत्या, लक्ष कोण ठेवणार, हे शेजाऱ्यांना समजावणे कोणाचे काम? कोणीच बोलले नाही तर ती जागा अफवा घेते आणि तिचा पहिला घाव आईवडिलांवर, भावंडांवर बसतो.

एप्रिल 2019 मध्ये कोसोवोने सीरियातून आपले 110 नागरिक आणले. त्यांत 74 मुले होती आणि लढल्याचा संशय असलेले पुरुष फक्त चार. न्यायमंत्र्यांनी हे उघड सांगितले. आकडा कळला की भीतीला आकार येतो. चौघांसाठी न्यायालय आणि मुलांसाठी शाळा, असा भेद मग करता येतो.

गोव्याला परतीचा वेगळा अनुभव आहे. गोवामुक्तीसाठी लढायला सांगलीहून आलेले मोहन रानडे 1955 साली पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सुटले 1969 साली. त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडके होते. रानड्यांचा लढा आणि इसिसची हिंसा एका तागडीत घालणे हा अन्याय होईल. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: रानडे आले तेव्हा लोकांना त्यांची हकिगत ठाऊक होती, कारण ती वर्षानुवर्षे सांगितली गेली होती.

गुन्हेगाराची हकिगतही सांगावी लागते. गौरवासाठी नव्हे, हिशेबासाठी. काय केले, काय सिद्ध झाले, काय अजून झालेले नाही आणि घरच्यांचा त्यात किती संबंध, एवढे सरकारने सांगावे. क्षमा करायची की नाही हे लोक ठरवतील. अंधारात ठेवून त्यांच्याकडून ती मागण्याचा अधिकार मात्र कोणत्याच सरकारला नाही.